शेवटचं उत्तर लपवायचं कुठे? रंगीत घरं, आद्याक्षरं की 'अंग काढून घेणारे पाहुणे'

भाच्याच्या लग्नात सीमांतपूजनाच्या संध्याकाळी पाहुण्यांना गुंतवून ठेवायला एक शब्दकोडं हवं होतं. साधं नको. सगळं भरून झाल्यावर त्यातून एक शेवटचा शब्द निघाला पाहिजे, अशी भाचीची अट. शब्दही तिनंच दिला: करवली. (म्हणजे ती स्वतःच.)

सोसायटीची स्मरणिका, मंडळाचा दिवाळी अंक, शाळेचं गॅदरिंग यांसाठी असं कोडं करायला बसलेल्या कुणालाही पहिला प्रश्न हाच पडतो, की शेवटचं उत्तर लपवायचं कुठे. तीन वाटा मी चालून पाहिल्या आहेत. इथे 'करवली'लाच तिन्ही वाटांनी फिरवून आणतो.

त्याआधी एक गोष्ट. इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण बसतो, आपल्याकडे एक अख्खं अक्षर, काना-मात्रा-जोडाक्षरासकट. 'महाराष्ट्र' हा चार घरांचा शब्द, आणि त्याच्या शेवटच्या घरातून उभा शब्द काढायचा तर 'धृतराष्ट्र' किंवा 'सौराष्ट्र' यांच्याच पाया पडावं लागतं. इंग्रजी मासिकांतल्या युक्त्या जशाच्या तशा उचलल्या की मराठीत फसतात त्या यामुळेच.

रंगीत घरं

काही घरं रंगवायची आणि त्यांतली अक्षरं जुळवून शब्द करा म्हणायचं. करायला सर्वांत सोपी वाट, एका संध्याकाळचं काम. सोडवणाऱ्यालाही काय करायचं ते लगेच कळतं.

पण इंग्रजीत आठ वेगवेगळे वर्ण उलटसुलट केले तर ४०,३२० मांडण्या होतात. 'करवली'ची अक्षरं चारच, मांडण्या २४. त्यात 'ली' सापडली की ती शेवटी जाणार हे शेंबडं पोरही सांगेल. आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत मी हा प्रकार केला होता. लोकांनी रंगीत घरांतून जाणारे तेवढेच शब्द सोडवले आणि चहा संपायच्या आत उत्तर आणून दिलं. बाकीचं कोडं कोरंच.

तरीही लहान मुलं असतील, किंवा पहिल्यांदाच कोडं सोडवणारे असतील, तर हीच वाट घ्या. दोन पथ्यं मात्र पाळा. प्रत्येक रंगीत घर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत आलं पाहिजे, म्हणजे एक अडला तरी दुसऱ्यावरून ते अक्षर मिळतं. आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या भांडणाचं अक्षर रंगवू नका. 'गुरू'मधला रू दीर्घ, 'गुरुवार'मधला ऱ्हस्व. नियम माहीत असलेले आणि नसलेले दोघंही तुमच्या दारात येतात, आणि दोघंही चिडलेले असतात.

आद्याक्षरं

ठरावीक उत्तरांची पहिली अक्षरं ओळीनं वाचायची. इथे जुळवाजुळव नाही, क्रम पक्का, त्यामुळे शेवटचं उत्तर दोन-तीन शब्दांचं वाक्यही असू शकतं. कागदावर ही वाट सुरेख दिसते. घोडं अडतं मात्रेवर. 'करवली'साठी क, र आणि व यांचे शब्द ढीगभर आहेत. आता 'ली'ने सुरू होणारे आठवा. लीला, लीन आणि लीद. लग्नाच्या कोड्यात लीद कशी घालणार?

मग मोह होतो की मात्रा सोडून द्याव्या आणि नुसती व्यंजनं धरा म्हणावं. ते करू नका. क-म-ल मिळाल्यावर कमल लिहायचं, कमाल की कोमल? तिघंही बरोबर ठरतात आणि बक्षीस एकच असतं.

यातून एक पळवाट आहे आणि ती मला मूळ वाटेपेक्षा जास्त आवडते. आद्याक्षरं उत्तरांची घेऊच नका, सूत्रांची (उत्तर ओळखायला दिलेल्या इशाऱ्यांची) घ्या. उत्तराचा शब्द वाकवता येत नाही, पण सूत्राचं वाक्य हवं तसं फिरवता येतं. 'सहज' हे उत्तर असेल तर सूत्र 'लीलया, न अडखळता' असं लिहिलं की 'ली' मिळाली. शिवाय सोडवणारा घरांच्या जाळीतच डोकं घालून बसलेला असतो, सूत्रांच्या समासाकडे उभं बघायचं त्याच्या मनातही येत नाही.

न सांगता लपवलेलं

इथे कुठली घरं घ्यायची हे सांगितलेलंच नसतं. कोड्याचं नाव आणि एक प्रश्न एवढाच ऐवज. सगळी घरं भरली की खरं कोडं सुरू होतं. अमेरिकेत याचा स्वतंत्र चाहतावर्ग आहे. तिथले कोडेकार मॅट गॅफनी २००८ पासून दर आठवड्याला असं कोडं देतात. महिन्याचा पहिला आठवडा सोपा, मग चढत जातं. वॉल स्ट्रीट जर्नलच्या शुक्रवारच्या कोड्यातही शेवटचं उत्तर असंच शोधायचं असतं, आणि बक्षीस काय, तर कॉफीचा एक मग. ब्रिटिश कोडेकार तर कधीकधी विचारतही नाहीत, जाळीत काहीतरी दडवतात आणि गप्प बसतात.

माझ्या कोड्याचं नाव होतं 'अंग काढून घेणारे पाहुणे' आणि प्रश्न 'लग्नघरात मिरवतं कोण?' जाळीत वरून खाली चार उत्तरं होती: पाठक, केसर, मानव, तोंडली. सूत्रं निरुपद्रवी. केसरला 'मसाले दुधात तरंगते', तोंडलीला 'मसालेभातात हवीच'. आता नावात म्हटलंय तसं प्रत्येकाचं अंग काढून घ्या: पाठ, केस, मान, तोंड. उरलं क, र, व, ली.

हे जमल्यावर मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली, आणि खरा त्रास तिथून पुढे. लग्नाचं कोडं म्हणून जाळीत 'मानपान' आणि 'पाठवणी' मोठ्या हौसेनं घातले होते. चाचणीला बसवलेल्या मित्रानं त्यांतलीही मान आणि पाठ काढली, हातात 'पान' आणि 'वणी' घेऊन अर्धा तास बसला आणि शेवटी माझ्यावर उखडला. चूक माझीच. या प्रकारात युक्तीचे शब्द बसवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे बाकीच्या एकाही शब्दात ती युक्ती चुकून लागू पडत नाही हे बघणं. दोन्ही शब्द काढून त्यांच्या जागी केळवण आणि अंतरपाट आले, म्हणजे तो कोपरा पुन्हा पहिल्यापासून. वहिनी म्हणाल्या, मानपान आणि पाठवणी नाही, हे कसलं लग्न? एका संस्कृतवाल्यांनी 'अक्षता'मधला अक्ष म्हणजे डोळाच की, असंही दाखवून दिलं. ते मात्र मी सोडून दिलं.

वेळेचं बोलायचं तर सूत्रांच्या आद्याक्षरांना दोन संध्याकाळी पुरतात. याला आठवडा धरा, आणि वर निदान तीन जण असे हवेत ज्यांना उत्तर माहीत नाही. घरच्यांना धरू नका, त्यांनी तुमचे कागद आधीच पाहिलेले असतात. एवढी फुरसत नसेल तर या वाटेला जाऊच नका. अर्धवट चाचणी झालेलं असं कोडं कोऱ्या कागदापेक्षा वाईट, कारण माणूस तासभर घालवतो आणि शेवटी त्याला वाटतं आपणच मठ्ठ.

सोडवणाऱ्यांपैकी किती जण शेवटपर्यंत पोचलेले तुम्हाला हवेत, यावर बरंच ठरतं. सगळेच हवे असतील तर रंगीत घरं. बरेचसे हवे असतील तर सूत्रांची आद्याक्षरं. दिवाळी अंकासारखं महिनाभर घरात पडून राहणारं काही असेल, तर तिसरी वाट सोन्यासारखी; तिथे माणूस कोडं बाजूला ठेवतो आणि चार दिवसांनी भाजी निवडताना त्याला एकदम सुचतं. लग्नाच्या हॉलमध्ये ही चैन नसते. तिथे सनई असते, आणि जेवणाच्या रांगा.

म्हणून मी मध्येच एक सोय ठेवली. आठ वाजता कोपऱ्यातल्या टेबलावर बंद पाकिटं ठेवली, आत एवढंच: 'चौघांचंच अंग काढायचं आहे.' ज्यानं पाकीट घेतलं त्याचं बक्षीस निम्मं. उत्तराच्या चिठ्ठीवर दोन ओळी होत्या, उत्तर काय आणि ते निघालं कसं. दुसरी ओळ हवीच, कारण लग्नघरात मिरवतं कोण याचा अंदाज कोडं न उघडताही करता येतो. 'करवली' बऱ्याच चिठ्ठ्यांवर होतं. दुसरी ओळ भरलेल्या चारच निघाल्या, आणि त्यांतली एक पाकीट न घेता आलेली होती, नवरीच्या आजोबांची. ते निम्म्या नाही, पुऱ्या बक्षिसासाठी दहा वाजेपर्यंत माझ्यामागे होते.