लोकलडेफ: काम चोख, बोलणं तुटक

लिनक्सच्या जीलिबसी या पायाभूत सी लायब्ररीसोबत येणारं लोकलडेफ हे कमांड लाइनवरचं साधन वर्णक्रमाचे स्वतःचे नियम संकलित करून देतं. मराठी वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो, पण युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात तो ‘ल’ला चिकटून बसलाय. म्हणून निव्वळ कोडपॉइंटच्या (त्या क्रमांकाच्या) क्रमाने ‘काळ, कावळा, काहूर’ अशी यादी लागते. हवी ती ‘कावळा, काहूर, काळ’.

उपाय सोपा: मूळ लोकेल फाइलची (भाषा-प्रदेशाचे नियम असलेल्या फाइलची) प्रत वेगळ्या नावाने घ्या, तिच्यातल्या एलसी-कोलेट या वर्णक्रमाच्या भागात ‘रिऑर्डर-आफ्टर’ने ‘ळ’ला ‘ह’नंतर बसवा, मग यूटीएफ-८ हे युनिकोडचं एन्कोडिंग देऊन लोकलडेफने संकलन करा. मूळ फाइलला हात लावलात तर पुढच्या अपडेटमध्ये बदल पुसला जाईल.

चूक सापडली की साधन फाइलच तयार करत नाही. ‘-सी’ दिलं की करतं, पण मग ती चूकही तशीच आत जाते. आधी इशारे वाचा, बुवा!

खरी मेख डेटाबेसची. पोस्टग्रेस हा डेटाबेस हीच लोकेल वापरत असेल, तर क्रम बदलल्यावर मजकुराचे इंडेक्स (शोधासाठीच्या क्रमवार सूच्या) नव्याने बांधावेच लागतात, नाहीतर असलेली नोंदही सापडत नाही. २०१८च्या जीलिबसी २.२८ने जगभर हाच घोळ घातला.

मजकुराचं एका एन्कोडिंगमधून दुसऱ्यात रूपांतर करण्याचं खातं आयकॉन्व्ह या वेगळ्या साधनाकडे. तिथलं ‘-सी’ न जुळणारी अक्षरं गाळून टाकतं, तेव्हा जपून.