नवीन ट्रॅक्टरची लिफ्ट, डीसी व्हॉल्व आणि पीटीओ: कशावर पैसे घालावेत, काय सोडून द्यावं

नवा ट्रॅक्टर बघायला गेलं की बोलणं एचपीवर सुरू होतं आणि एचपीवरच संपतं. हायड्रॉलिकचा विषय निघाला तरी "लिफ्ट भारी आहे" एवढ्यावर भागवलं जातं. खरं तर अवजार नंतर कधीही घेता येतं. ट्रॅक्टरच्या पोटातला पंप, पीटीओचा (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचा) क्लच आणि कारखान्यातून बसवलेला व्हॉल्व मात्र नंतर बदलायचा म्हटलं तर खर्च मोठा आणि वॉरंटीचा वाद वेगळा. म्हणून आधी अवजारांची यादी करा आणि मग ट्रॅक्टर ठरवा. पुढच्या पाच-सात वर्षांत लागणारं प्रत्येक अवजार कागदावर लिहा. त्याच्यासमोर वजन किती, पीटीओवर ताकद किती, तेलाचे पाइप एक की दोन, आणि तेल अधूनमधून लागतं की सतत, एवढं लिहिलं की निम्मी निवड तिथेच होते.

लिफ्टपासून सुरुवात करू. माहितीपत्रकात उचलण्याचा आकडा ठळक छापलेला असतो. तो कुठे मोजला हे विचारा. लोअर लिंकच्या, म्हणजे अवजार धरणाऱ्या खालच्या दोन दांड्यांच्या, टोकाला मोजलेला आकडा मोठा दिसतो, टोकापासून ६१० मिमी मागे मोजलेला बराच कमी भरतो. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ट्रॅक्टर चाचणी पद्धतीत दोन्ही ठिकाणी मोजमाप होतं, आणि कामाचा आकडा हा दुसरा. कारण अवजाराचं वजन पिनांवर नसतं, मागे लोंबत असतं. पलटी नांगरात तर सांगाडा, फिरवण्याचा जॅक आणि फाळांचे दोन संच असल्यामुळे भार आणखी मागे सरकतो. कल्टिवेटर आणि रोटाव्हेटर सहज उचलणारी लिफ्ट त्याच वजनाच्या पलटी नांगराला अर्ध्यात थांबते, ती याच कारणाने.

पिनांचं माप हा बारीक वाटणारा पण रोज त्रास देणारा विषय. कॅटेगरी १ मध्ये खालच्या पिना २२ मिमीच्या आणि टॉप लिंकची, म्हणजे वरच्या दांडीची, १९ मिमीची असते. कॅटेगरी २ मध्ये त्या २८ आणि २५ मिमीच्या. २२ ची पिन २८ च्या भोकात बुश न घालता चालवली तर प्रत्येक धक्क्याला ठोकर बसते, लिंकचा गोळा सैल होतो आणि पिन कापली जाते. नवीन ट्रॅक्टरसोबत बुशांचा संच मागून घ्या. खालच्या दांड्यांना आडवं हलू न देणारा स्टेबलायझरही बघा. रोटाव्हेटर आणि पेरणी यंत्राला तो घट्ट हवा, नांगराला थोडी हालचाल लागते. साखळीपेक्षा आटे असलेला बार किंवा खुंटीवर बदलता येणारा स्टेबलायझर कधीही चांगला.

लिफ्टचे दोन लिव्हर असतील तर दोन्ही वापरून दाखवायला सांगा. पोझिशन कंट्रोल अवजाराची उंची ट्रॅक्टरच्या मानाने कायम धरतो. रोटाव्हेटर आणि फवारणी यंत्राला तोच योग्य. ड्राफ्ट कंट्रोल ओढीवर चालतो. जमीन कडक लागली, ओढ वाढली की नांगर किंचित वर येतो आणि पुढे मऊ जमीन आली की पुन्हा खाली बसतो. हॅरी फर्ग्युसन यांनी १९३० च्या दशकात ट्रॅक्टरवर आणलेली ही कल्पना आजही नांगरटीत डिझेल आणि टायर दोन्ही वाचवते. लहान ट्रॅक्टरमध्ये ही ओढ सहसा टॉप लिंककडून कळते. टॉप लिंकच्या कंसाला दोन-तीन भोकं असतात ती त्यासाठीच, आणि भोक बदललं की संवेदनशीलता बदलते. चुकीच्या भोकात टॉप लिंक लावून "ड्राफ्ट काम करत नाही" अशी तक्रार नेहमी ऐकू येते.

आता डीसी व्हॉल्व, म्हणजे तेल जॅकच्या कोणत्या बाजूला जाईल हे ठरवणारा व्हॉल्व. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. साध्या मॉडेलमध्ये लिफ्टच्या तेलाच्या वाटेवरच एक तोंड काढून दिलेलं असतं. त्यातून ट्रॉलीचा सिंगल ॲक्टिंग (एकाच बाजूने तेल घेणारा) जॅक उचलता येतो, पण ट्रॉली उचलताना लिफ्ट चालत नाही आणि दोन्ही बाजूंनी ढकलणारा जॅक तर चालतच नाही. पलटी नांगर, लोडर, ब्लेडचा कोन बदलणारा लेव्हलर या सगळ्यांना डबल ॲक्टिंग स्पूल (व्हॉल्वमधला तेलाची वाट बदलणारा सरकता दांडा) लागतो. म्हणून किमान एक डबल ॲक्टिंग स्पूल कारखान्यातूनच बसवून घ्या, आणि तो सिंगलवरही करता येतो का ते विचारा. पैसे आणि गरज असेल तर दोन. तिसरा स्पूल लोडर किंवा एकाच अवजारावर अनेक जॅक असतील तेव्हाच. नाहीतर ती तोंडं झाकणाखाली पडून राहतात.

लिव्हरच्या किती जागा आहेत हेही बघा. वर, खाली आणि मधली न्यूट्रल, या तीन सगळ्यांत असतात. चौथी फ्लोट असेल तर जॅकच्या दोन्ही बाजू टाकीला मोकळ्या होतात आणि ब्लेड जमिनीच्या चढउताराबरोबर आपोआप वरखाली होतं. फ्लोट नसलेल्या व्हॉल्ववर लोडरची बकेट खाली दाबली की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो. लिव्हर दाबल्यावर तिथेच अडकून राहणारी सोय हायड्रॉलिक मोटरला हवी, कारण मोटरला तेल सतत लागतं. तीच सोय ट्रॉलीच्या जॅकला घातक. जॅक शेवटाला पोचूनही लिव्हर तसाच राहिला तर सगळं तेल रिलीफ व्हॉल्वमधून (जादा दाब सोडणाऱ्या झडपेतून) कोंडून जातं आणि काही मिनिटांत हाताला चटका बसेल इतकं तापतं.

मोटरवर चालणारं अवजार असेल तर परतीचं तेल स्पूलमधून न आणता थेट टाकीत सोडणारं वेगळं मोठं तोंड मागा. परतीच्या वाटेवर अडथळा राहिला की मोटर थांबवताना दाब मागे साचतो आणि शाफ्टचं सील फुटतं. मोटरला केस ड्रेनचा (आत झिरपलेलं तेल बाहेर नेणारा) बारीक पाइप दिलेला असेल तर तो कधीही बूच मारून बंद करू नका. तोही दाब नसलेल्या वाटेनेच टाकीत गेला पाहिजे.

पंपाचा आकडा लिटर प्रति मिनिटात असतो. लिटर गुणिले बार (दाबाचं एकक), भागिले ६००, म्हणजे किलोवॅट. ३० लिटर आणि १८० बारचा पंप कागदावर ९ किलोवॅट देतो, सुमारे १२ एचपी. प्रत्यक्षात गळती आणि घर्षणामुळे त्याहून कमी. हे ३० लिटर इंजिनच्या ठरलेल्या आरपीएमवर मिळतात. आरपीएम निम्मे केले की तेलही निम्मं. स्टीअरिंगचा पंप वेगळा आहे का हे जरूर विचारा. दोन्हींचं तेल एकाच पंपातून येत असेल तर लोडर उचलताना स्टीअरिंगलाही पुरेसं तेल मिळतं का, हे जागेवर तपासा.

तेल किती बाहेर काढता येतं हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही. १०० मिमी व्यासाचा जॅक १२० सेंटिमीटर बाहेर आला की सुमारे साडेनऊ लिटर तेल त्यात जातं. ३० लिटरच्या पंपाला हे करायला १९ सेकंद लागतात. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये हे तेल गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगचंच असतं. कंपनीने आठ लिटरच बाहेर काढायला सांगितलं असेल, तर शेवटच्या दीड लिटरला पंप हवा ओढतो. मग पंप किंचाळतो, तेलाला फेस येतो, लिफ्ट हिसके देते. ट्रॅक्टर उतारावर उभा असेल तर हे आणखी लवकर घडतं. उपाय म्हणून कोणी तेल वरपर्यंत भरतं. मग जॅक बसला की तेच तेल सील ढकलून बाहेर येतं. किती जादा भरता येतं हे मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा, आणि डिपस्टिक नेहमी जॅक आणि लिफ्ट दोन्ही खाली असताना तपासा.

होज जोडायच्या तोंडांना, म्हणजे कपलरला, झाकणं हवीतच. धुळीचा एक कण स्पूल ओरखडतो, आणि त्याच कपलरला दुसऱ्याची ट्रॉली जोडली की तिच्यातलं तेल आणि पाणी तुमच्या गिअरबॉक्समध्ये येतं. तेल दुधी दिसलं तर पाणी शिरलं असं समजा. कपलर लागत नसेल तर हातोडी मारू नका. उन्हात पडलेल्या होजमध्ये तेल फुगून दाब कोंडलेला असतो. अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर दोन्हीकडे हलवा, ट्रॅक्टरकडचा दाब उतरतो. गळती शोधताना बोट फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. सुईएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीत शिरतं आणि अशी जखम लगेच डॉक्टरला दाखवावी लागते.

पीटीओबद्दल थोडक्यात. ५४० आरपीएम आणि सहा स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) बहुतेक अवजारांना पुरतात. हलक्या कामाला इंजिनचे आरपीएम कमी ठेवून ५४० देणारा इकॉनॉमी पीटीओ डिझेल वाचवतो. चाऱ्याचे गठ्ठे बांधणारा बेलर घ्यायचा विचार असेल तर सिंगल क्लचचा ट्रॅक्टर घेऊच नका. गिअर बदलायला क्लच दाबला की बेलरही थांबतो आणि चारा तोंडातच अडकतो. बेलरला स्वतंत्र पीटीओ हवा. ते जमत नसेल तर निदान डुअल क्लच (चाकांना आणि पीटीओला वेगवेगळा).

पुढची वजनं फुकट मिळाली तर घ्यायची, असं समजलं जातं. गणित करून बघा. ट्रॅक्टर २००० किलोचा, त्यातले ८०० किलो पुढच्या चाकांवर, दोन ॲक्सलमधलं अंतर २ मीटर. ५०० किलोच्या अवजाराचा भार मागच्या ॲक्सलपासून दीड मीटर मागे. उचलल्यावर पुढून ३७५ किलो कमी होतात, उरतात ४२५. स्टीअरिंग हातात राहायला ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा भाग, म्हणजे ४०० किलो, पुढे हवा. जेमतेम जमलं. अवजार ७०० किलोचं झालं तर पुढे २७५ च उरतात, आणि चढावर पुढची चाकं उचलली जातात. लोडरला उलट, वजन मागे लागतं, नाहीतर सगळा भार पुढच्या ॲक्सलवर येतो. टू व्हील ड्राइव्हचा पुढचा ॲक्सल अशा कामासाठी बनवलेला नसतो. रोज लोडर चालवायचा असेल तर फोर व्हील ड्राइव्ह घ्या.

ताबा घेताना तुमचं सगळ्यात जड अवजार जोडूनच बघा. लिफ्ट पूर्ण वर न्या, इंजिन बंद करा, लिंकच्या टोकाची उंची जमिनीपासून टेपने मोजा आणि वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. अवजार भराभर खाली येत असेल तर लिफ्टच्या जॅकच्या सीलमधून किंवा व्हॉल्वमधून गळती आहे. मात्र आधी लिफ्टचा वेग कमी-जास्त करणारा नॉब कुठे आहे ते पाहा. अवजार उतरताना सावकाश येणं हा दोष नसून तो नॉब आवळलेला असतो. मग प्रत्येक स्पूलवर जॅक दोन्हीकडे चालवा, फ्लोट तपासा, पीटीओ चालू ठेवून अवजार वरखाली करा आणि अवजार पूर्ण वर आल्यावर पीटीओ शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश राहतात का ते बघा. मोजलेले आकडे आणि बसवून दिलेल्या प्रत्येक व्हॉल्वचं नाव डिलिव्हरीच्या कागदावर लिहून त्याखाली सही घ्या.