वासोटा: वाट झकास, पण घड्याळ सांभाळा

वासोटा किल्ल्याची वाट अशी: साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, तिथून लाँचने कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडून पायथ्याचं मेट इंदवली आणि पुढे कोयना अभयारण्यातून पायी गड. चढाई दोन-अडीच तासांची, अवघड अशी कुठेच नाही. घोळ होतो तो वेळेचा. लाँचला तास-सव्वा तास लागतो, अंधाराच्या आत परत यावंच लागतं आणि मुक्कामाला परवानगी नाही. दहानंतर लाँचमध्ये बसलात तर गड पाहून होत नाही, नुसता शिवून यायचा.

लाँचचं भाडं माणशी नसून अख्ख्या लाँचचं असतं. चौघंच असाल तर धक्क्यावरच दुसरा ग्रुप गाठा. वनखात्याच्या परवानगीसाठी प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं. चौकीवर प्लास्टिकच्या बाटल्या, पिशव्या मोजून घेतात, उतरल्यावर तेवढ्याच दाखवाव्या लागतात. तेव्हा जेवण डब्यात न्या. पावसाळ्यात वाट बंद असते. ऑक्टोबरात जळवा असतात, एप्रिल-मेमध्ये जलाशय आटल्यामुळे चिखल-धोंड्यांतून जादा चालावं लागतं. डिसेंबर-जानेवारी सगळ्यांत बरा.

ओढ्याकाठच्या मारुती-गणपतीपर्यंत सपाटी, मग खडा चढ. सगळा डोंगर लाव्हाच्या थरांचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. घट्ट बेसॉल्टच्या थराचा कडा होतो, बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला थर झिजून त्याची सपाटी होते. म्हणून दमछाक करणाऱ्या टप्प्यानंतर थोडी उसंत मिळत जाते. सुट्या धोंड्यांचा त्रास चढताना कमी, उतरताना जास्त. गुळगुळीत तळव्याचे बूट इथे कामाचे नाहीत. ओढ्याच्या भरवशावर राहू नका, माणशी तीन लिटर पाणी घ्या.

वर बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, कातळात खोदलेली टाकी, वाड्याची जोती आणि चुन्याची घाणी. घाणीच्या गोल चरातून दगडी चाक फिरवून चुना मळत. बांधकामाचा चुना गडावरच तयार होई, याचा एवढा धडधडीत पुरावा समोर असून बहुतेक लोक तिच्या कडेवर बसून डबा खातात.

बाबूकडा मात्र निवांत पाहायचा. नालेच्या आकाराच्या या कड्यात लाव्हाचे आडवे पट्टे एकाखाली एक मोजता येतात. समोरचा डोंगर जुना वासोटा. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रज सेनानी प्रिट्झलरच्या फौजेने तिथूनच तोफा डागल्या आणि गड पडला. गडावर तेव्हा हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी कैदेत होते. इथवर आलात की पेशव्यांनी तुरुंगासाठी हीच जागा का निवडली ते कोणी सांगावं लागत नाही. कड्याला कठडा नाही आणि वाळलेल्या गवतावरून पाय सटकतो.

नागेश्वरची गुहा त्याच दिवशी जोडायचा मोह बऱ्याच ग्रुपना होतो. पहिली लाँच मिळाली आणि सगळे सराईत असले तरच त्या फाट्याला वळा, एरवी धावपळीत दोन्ही अर्धवट राहतात. माहितीफलक जेमतेम आहेत, तेव्हा गडाचा नकाशा आधीच मोबाईलवर उतरवून घ्या. वर रेंजचा भरवसा नाही.