किडलेली दाढ : घरचा उपाय, साखरेच्या गोळ्या की दंतवैद्याची खुर्ची

मराठवाड्यात दाढ ठणकू लागली की माणूस सहसा ठरलेल्या क्रमाने फिरतो. आधी घरातली लवंग, मग मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी, मग कोणी सुचवलेले होमिओपॅथीचे औषध, आणि गालफड सुजल्यावर नाइलाजाने दंतवैद्य. खर्चाचा विचार केला तर हा क्रम समजण्यासारखा आहे. दाताचा विचार केला तर तो उलटा आहे. ज्या टप्प्यावर घरच्या काळजीचा खरा उपयोग असतो त्या टप्प्यावर दात दुखतच नाही, आणि दुखू लागतो तेव्हा त्या काळजीची वेळ बहुधा निघून गेलेली असते. म्हणून येथे ‘कोणती पॅथी श्रेष्ठ’ हा वाद बाजूला ठेवून, दाताचे नुकसान कुठवर पोहोचले आहे आणि तेथे कोणता उपाय नेमके काय करतो, एवढेच पाहिले आहे.

‘दाताला कीड लागली’ या शब्दप्रयोगानेच पुष्कळ घोटाळा केला आहे. कीड म्हटली की ती मारायची किंवा बाहेर काढायची, असे मन धरून बसते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडून दाखवण्याचा प्रकार याच समजुतीवर चालत आला. युरोपातही पूर्वी खुरासनी ओव्याच्या बियांची अशीच धुरी देत, आणि पाण्यात पडलेले ‘किडे’ म्हणजे तापून फुटलेल्या बियांतले कोंब असत. प्रत्यक्षात दातात अळी नसते. तोंडातले जिवाणू साखर आणि पिठूळ अन्न वापरून आम्ल तयार करतात, आम्ल वाढून दाताच्या पृष्ठभागावरील पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की (पीएच जितका कमी तितके आम्ल जास्त) वरच्या कवचातली खनिजे विरघळू लागतात, आणि लाळ हे आम्ल धुऊन काढून थोडी खनिजे परत आणून बसवते. दिवसभर झीज आणि भरपाई यांचा असा व्यवहार सुरू असतो. दर तासाला गोड चहा घेणाऱ्याच्या दातांना भरपाईची उसंत मिळत नाही.

या व्यवहारात तोटा होऊ लागला की आधी दातावर खडूसारखा पांढरट, निस्तेज डाग दिसतो. येथवरचे नुकसान परत फिरू शकते. पुढे कवच आत कोसळून खड्डा पडला की तो आपोआप बुजत नाही, कारण हे कवच घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपलेल्या असतात. हाड मोडले तर जुळते, कारण हाडात जिवंत पेशी असतात. दाताच्या कवचात एकही नसते. ‘नैसर्गिक रीतीने दात पुन्हा भरून आला’ असा दावा ऐकला, की तो पांढऱ्या डागाविषयी आहे की खड्ड्याविषयी, एवढे एकच विचारावे.

आता घरच्या उपायांकडे. यांपैकी काही खरोखर कामाचे आहेत, मात्र ज्या कामासाठी लोक ते वापरतात त्या कामाचे नव्हेत. लवंगेच्या तेलातला मुख्य घटक युजेनॉल आहे आणि तो दाताची नस तात्पुरती बधिर करतो. दंतवैद्यही झिंक ऑक्साइडबरोबर युजेनॉल मिसळून तात्पुरते सिमेंट भरत आले आहेत. म्हणजे आजीचा बटवा आणि दवाखाना यांच्यात या बाबतीत फारसे भांडण नाही. पण बटव्यातल्या तेलाने खड्डा तसाच राहतो, आणि निर्भेळ तेलात बुडवलेला बोळा तासन् तास दाबून ठेवला तर हिरडी पोळते. लहान मुलांच्या तोंडात हे तेल टाकूच नये. पोटात गेल्यास ते यकृताला अपाय करू शकते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुजलेल्या हिरडीला आराम देतात आणि अडकलेले अन्नकण काढतात, म्हणून दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्या निर्धास्तपणे कराव्यात. दुखऱ्या दाढेपाशी ॲस्पिरिनची गोळी धरून ठेवण्याचा उपाय मात्र कोणी करू नये, कारण त्याने आतली कातडी भाजून पांढरी पडते.

कडुनिंबाचे किंवा बाभळीचे दातवण नीट कुंचला करून वापरले तर दात चांगले स्वच्छ करते. नुसते चावून फेकले तर तेवढाच विरंगुळा. तिळाच्या तेलाची गुळणी धरण्याचा प्रघात आयुर्वेदात जुना आहे, आणि तिने दातावरचा थर कमी होत असल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. त्यावरून तिने खड्डा भरेल असे कोणी समजू नये. राखेने, विटेच्या भुकटीने किंवा कोळशाने दात घासल्यावर ते स्वच्छ वाटतात ते घासून पातळ झालेले असल्यामुळे. आणि मिश्री? गावाकडच्या कितीतरी बायाबापड्यांना ती दात घट्ट ठेवणारी वाटते. ती भाजलेली तंबाखू आहे, तिने हिरड्या खाली सरकतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दात घासण्याच्या उत्पादनांत तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला ती बंदी पोहोचत नाही, एवढेच.

होमिओपॅथीचा विचार थोडा सविस्तर करावा लागतो, कारण आपल्याकडे तिचे पदवीधर डॉक्टर तालुक्याच्या गावी सहज भेटतात, ते रुग्णाचे म्हणणे सावकाश ऐकून घेतात आणि औषध स्वस्त असते. दातांसाठी प्लॅन्टॅगो, क्रिओसोटम, स्टॅफिसॅग्रिया, मर्क्युरियस, सिलिशिया ही नावे नेहमी ऐकू येतात. या बाटल्यांवरचा आकडा वाचायला शिकावे. ‘३० सी’ म्हणजे मूळ द्रव्य शंभर पटींनी पातळ करण्याची क्रिया तीस वेळा केलेली. बाराव्या वेळेच्या पुढे मूळ द्रव्याचा एखादा रेणूही शिल्लक राहण्याची शक्यता उरत नाही, आणि साखरेची गोळी तेवढी हातात येते. ‘मदर टिंक्चर’ ही वेगळी गोष्ट आहे, कारण त्यात वनस्पतीचा अर्क आणि अल्कोहोल खरोखर असते. प्लॅन्टॅगोच्या टिंक्चरचा बोळा लावल्यावर कोणाला थोडे बरे वाटले, तर ते समजण्यासारखे आहे. बाराक्षारांची, म्हणजे क्षारांपासून बनवलेल्या बारा ठरावीक औषधांची, गोष्ट आणखी निराळी. ‘कल्केरिया फॉस ६ एक्स’ घेतल्याने दातांना कॅल्शियम मिळते अशी समजूत आहे, पण ६ एक्स म्हणजे दहा लाखांत एक भाग, म्हणजे एक किलो गोळ्यांत मूळ क्षार एक मिलिग्रॅम. कपभर दुधात कॅल्शियम शंभर मिलिग्रॅमच्या वर असते. तरीही दुधातले कॅल्शियमसुद्धा हिरडीबाहेर आलेल्या दाताच्या खड्ड्यात जाऊन बसत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराच्या बाबतीत नाही, असा निष्कर्ष काढला. मग एवढ्या लोकांची दाढ ‘गोळ्यांनी थांबली’ ती कशी? याचे उत्तर दाताच्या रचनेत आहे. कीड दाताच्या आतल्या नसेपाशी पोहोचली की प्रथम गार पाण्याने क्षणभर कळ येते. नंतर ती कळ मिनिटेच्या मिनिटे टिकते, रात्री झोप मोडते. आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी नस मरते व दुखणे एकाएकी थांबते. त्या काळात जे काही चालू असेल, लवंग, गोळ्या, अंगारा किंवा नवस, त्याला यश मिळते. माझ्या स्वतःच्या खालच्या दाढेने मला असेच फसवले. दोन महिने गोड गोळ्या घेतल्या, ठणका गेला, मी चार जणांना ते औषध सांगितलेही. पुढच्या उन्हाळ्यात हिरडीवर पुळी आली आणि क्ष-किरणात मुळाशी पूची पोकळी दिसली. ज्या चार जणांना सांगितले त्यांच्यापैकी दोघांच्या दाढा मी नंतर विचारूनही पाहिल्या नाहीत.

येथे एक गोष्ट होमिओपॅथीच्या बाजूनेही नोंदवायला हवी. मेडिकलमधून स्वतःच आणलेले प्रतिजैविक तरी किडलेल्या दाढेचे काय करते? मेलेल्या नसेत रक्त फिरत नाही, म्हणून गिळलेले कोणतेही औषध, मग ते कोणत्याही पॅथीचे असो, संसर्गाच्या मुळापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. सूज उतरते आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत येते. तुलना खरी ‘गोळी विरुद्ध गोळी’ अशी नाहीच. एका बाजूला गिळायचे सगळे, दुसऱ्या बाजूला हाताने करायचे काम.

ते काम टप्प्यानुसार बदलते आणि खर्चही त्याबरोबर चढतो. पांढरा डाग असेल तर फ्लोराइडची टूथपेस्ट दोन वेळा, खाण्याच्या वेळांवर लगाम आणि दवाखान्यात लावायचे फ्लोराइडचे वार्निश एवढ्याने भागते. लहान खड्डा एका भेटीत भरून होतो. नस दुखावली की रूट कॅनॉल आणि वर कॅप, म्हणजे अनेक भेटी आणि भरण्याच्या कितीतरी पट पैसे. कॅपचे पैसे वाचवले तर पुढे तीच दाढ शेंगदाणा चावताना उभी चिरण्याची भीती. तेही परवडत नसेल तर दाढ काढणे हा प्रामाणिक पर्याय आहे, कुजती दाढ तोंडात ठेवण्यापेक्षा नक्कीच बरा. दंतवैद्यांकडेही दोष आहेत. काही जण क्ष-किरण न काढताच रूट कॅनॉल सांगतात. अशा वेळी चित्र दाखवायला सांगावे आणि मोठा खर्च असेल तर दुसरे मत घ्यावे. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात खर्च बराच कमी येतो, मात्र एक-दोन दिवसांची मजुरी बुडेल हे धरून निघावे. आठवडी बाजारात बसून कच्च्या प्लॅस्टिकने शेजारच्या दातांना दात चिकटवणाऱ्यांकडे जाऊ नये; त्यांच्या कामाखाली चांगले दातही कुजतात.

फ्लोराइडविषयी आपल्या भागात शंका येणे साहजिक आहे. किनवटसारख्या काही तालुक्यांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे आणि तेथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. हे पट्टे कीड नव्हेत, ते घासून किंवा लिंबू चोळून जात नाहीत, आणि लिंबाने उलट कवच झिजते. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड ही भारतीय मानकातली मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. आपल्या विहिरीचे पाणी तपासून घ्यावे, आणि जास्त निघाले तर पिण्याचे पाणी बदलावे. मोठ्यांनी फ्लोराइडची पेस्ट त्यासाठी सोडण्याचे कारण नाही, कारण ती दातावर लागून थुंकून टाकली जाते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट मोठ्यांनी स्वतः लावून द्यावी.

मुलांच्या बाबतीत निर्णय लवकर घ्यावा लागतो. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक दाढ येते, तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे आई तिला दुधाचीच समजते आणि ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देते. ती कायमची असते. दुधाच्या मागच्या दाढाही दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. खुर्चीला घाबरणाऱ्या मुलासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब खड्ड्यात लावून कीड थांबवता येते. इंजेक्शन लागत नाही, कोरावे लागत नाही, फक्त तो भाग काळा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे औषध, फ्लोराइडची पेस्ट आणि खड्डा भरायचे ग्लास आयोनोमर सिमेंट ही तिन्ही आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. ज्यांना ‘मुलाला त्रास न होणारा’ उपाय हवा म्हणून गोड गोळ्यांचा मोह होतो, त्यांनी हा पर्याय आधी विचारावा.

तेव्हा ठरवायचे कसे? दात दुखत नसेल, डाग असेल, तर दातवण, पेस्ट आणि कमी गोड यांवर भर द्यावा. वर्षातून एकदा दाखवावे. गार पाण्याने कळ येऊन लगेच जात असेल तर त्याच आठवड्यात भरून घ्यावे. तोवर लवंग चालेल. कळ रेंगाळत असेल, रात्री जाग येत असेल किंवा दुखणे अचानक थांबले असेल, तर होमिओपॅथीवर अजिबात वेळ घालवू नये. ज्यांची तिच्यावर श्रद्धा आहे त्यांनी ती दंतवैद्याच्या कामाबरोबर खुशाल घ्यावी, त्याऐवजी घेऊ नये. जबड्याखाली सूज, तोंड उघडता न येणे, गिळताना किंवा श्वास घेताना अडचण, ताप, यांपैकी काही असेल तर तो प्रश्न दाताचा राहिलेला नसतो. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा घाटी (छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय) गाठावी. मधुमेही माणसाने तर सूज दिसताच निघावे.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून जी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास उसतोडीला जातात, त्यांना पुढचे पाच-सहा महिने फडात दवाखाना मिळणे कठीण असते. त्यांनी निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांचे दात एकदा उजेडात बघावेत. ग्लास आयोनोमर सिमेंट हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून, विजेवर चालणाऱ्या यंत्राशिवायही भरता येते. ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात वीज नसलेल्या खेड्यांसाठीच बसवली गेली. गावात आरोग्य शिबिर लागले तर दंतवैद्याला तेथल्या तेथे असे भरून देता येईल का, हे नेमके विचारावे.