‘स्पर्श’: माजी सैनिकांच्या निवृत्तिवेतनातील कागद कमी करणारी सेवा

माझे वडील लष्करातून हवालदार पदावरून निवृत्त झाले आणि आता अमळनेर तालुक्यात शेती करतात. त्यांचे निवृत्तिवेतन संरक्षण मंत्रालयाच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीत गेल्यापासून तिचे काम घरात मीच पाहते, त्या अनुभवावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

पूर्वी निवृत्तिवेतनाचे दर बदलले की संरक्षण लेखा विभागाच्या प्रयागराजमधील निवृत्तिवेतन कार्यालयातून परिपत्रक निघे, त्याला तक्ते जोडलेले असत आणि ते वाचून प्रत्येकाची रक्कम ठरवण्याचे काम बँकेकडे असे. १ जुलै २०१४ पासूनच्या ‘वन रँक वन पेन्शन’साठी (समान हुद्दा व समान सेवा असल्यास, निवृत्ती कधीही झाली तरी समान निवृत्तिवेतन) २०१६ मध्ये निघालेल्या परिपत्रकासोबत तब्बल १०१ तक्ते होते; हुद्दा, ग्रुप (कामाच्या प्रकारानुसारचा वेतनगट) आणि सेवेची वर्षे जुळवून त्यांतली नेमकी ओळ शोधावी लागे. आमच्या बँकेच्या शाखेत वडिलांचा ग्रुप चुकीचा धरला गेला आणि फरकाची रक्कम हाती येईपर्यंत त्यांना, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, वारंवार हेलपाटे घालावे लागले.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पर्श’मध्ये हिशेब एकाच ठिकाणी होतो, रक्कम थेट खात्यात जमा होते आणि पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश, संगणकावरच मिळतो. यात शासनाचीही बचत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, निवृत्तिवेतनाच्या हिशेबासह संपूर्ण काम बँकेने केले तरच तिला प्रत्येक व्यवहारामागे ठरलेला मोबदला (२०१९ च्या दराने ७५ रुपये) मिळतो. हिशेब बँकेकडून काढून घेतल्यावर तो द्यावा लागत नाही. छापील तक्ते शाखाशाखांत पाठवण्याची जुनी रीत बंद करण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, कारण त्या कागदांतून सैनिकाला स्वतःची रक्कम कधीच सहज समजत नव्हती.

हयातीचा दाखला दरवर्षी द्यावाच लागतो. आयुष्यभर कष्ट केलेल्या हातांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, ही आमच्या भागातील वृद्धांची खरी अडचण होती. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाल्याने ती बरीच दूर झाली.

मात्र सर्व व्यवहार मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर अवलंबून असणे मला मान्य नाही. ज्यांचा नोंदवलेला क्रमांक बंद पडला आहे किंवा ज्यांची मुले पुण्या-सुरतेला आहेत, अशा म्हाताऱ्या माणसांना स्वतःचीच माहिती पाहता येत नाही. मागेल त्याला वर्षातून एकदा छापील पीपीओ आणि हिशेबाचे पत्रक मराठीत, विनामूल्य मिळावे. एवढा खर्च बचतीतून सहज भागेल.

वापरणाऱ्यांनी एक काम आजच करावे: पत्नीचे नाव आणि जन्मतारीख पीपीओ व आधार या दोन्हींवर एकसारखी आहे का, ते पाहावे. तफावत असल्यास धुळे किंवा जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून, सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या संबंधित अभिलेख कार्यालयामार्फत ती सैनिक हयात असतानाच दुरुस्त करून घ्यावी, म्हणजे पुढे कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्या माउलीला कागद गोळा करत फिरावे लागणार नाही.