डिग्री ऑडिटवर किती विसंबावे? अमेरिकेत पदवी पूर्ण करतानाचा अनुभव

पुण्यात बी.कॉम.ची दोन वर्षे झाल्यावर माझे शिक्षण थांबले होते. ते आता अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात अकाउंटिंगची पदवी घेऊन पूर्ण करत आहे. प्रवेश झाल्यापासून विद्यापीठाचे ऑनलाइन डिग्री ऑडिट, म्हणजे पदवीच्या अटींपैकी काय झाले आणि काय उरले हे दाखवणारा तक्ता, जवळजवळ प्रत्येक आठवड्याला उघडले आहे. इथे नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना, आणि विशेषतः भारतातले क्रेडिट (अभ्यासाच्या भारानुसार विषयाला मिळणारे एकक) सोबत घेऊन येणाऱ्यांना, ते कुठे उपयोगी पडते आणि कुठे तोंडघशी पाडते हे कळावे म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पदवीचे नियम, म्हणजे सामान्य शिक्षणाचे विषय, मेजरचे (मुख्य विषयाचे) सक्तीचे विषय, वरच्या पातळीचे किमान क्रेडिट, सरासरी ग्रेडची अट, हे सारे संगणकात भरलेले असते. विद्यार्थ्याने उत्तीर्ण केलेले आणि चालू सेमिस्टरमध्ये घेतलेले विषय त्या नियमांशी पडताळून काय झाले आणि काय उरले याचा तक्ता दाखवणे, एवढेच ऑडिटचे काम. ही कल्पना नवी नाही. ओहायोतल्या मायामी विद्यापीठात (फ्लोरिडातल्या मायामी शहराशी याचा संबंध नाही) गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात अशी प्रणाली तयार झाली आणि पुढे ती इतर अनेक विद्यापीठांनी घेतली. आज बाजारात अशी तीन-चार उत्पादने आहेत. मात्र नियम भरण्याचे काम ज्या त्या विद्यापीठाचे कर्मचारी करतात, त्यामुळे ऑडिटचा दर्जा सॉफ्टवेअरइतकाच त्या भरणीवर अवलंबून असतो.

माझ्या बाबतीत खरी परीक्षा ट्रान्सफर क्रेडिटची, म्हणजे पुण्याहून आणलेल्या क्रेडिटची, होती. पुण्याच्या गुणपत्रिकेत प्रत्येक पेपर शंभर गुणांचा, वार्षिक परीक्षा, क्रेडिट नावाचा रकानाच नाही. बाहेरच्या मूल्यांकन संस्थेने विषयवार अहवाल देऊन त्याचे सेमिस्टर क्रेडिटमध्ये रूपांतर केले, आणि त्यातले काय स्वीकारायचे हे विद्यापीठाने ठरवले. ऑडिटमध्ये ते क्रेडिट दिसू लागले तेव्हा एकूण आकडा पाहून बरे वाटले. पण खाली उतरून पाहिले तर त्यातले बहुतेक ‘जनरल इलेक्टिव्ह’ (सर्वसाधारण ऐच्छिक विषय) या एकाच रकान्यात जमा होते. कॉस्ट अकाउंटिंगचा आख्खा पेपर तिथे केवळ तीन निनावी क्रेडिट होऊन बसला होता. पदवीला लागणाऱ्या १२० क्रेडिटमध्ये त्याची गणती होत होती, परंतु मेजरची एकही अट त्याने भागत नव्हती. अशा वेळी जुना अभ्यासक्रम, म्हणजे विद्यापीठाने छापलेला सिलॅबस, विभागाकडे देऊन विषयाची समकक्षता मागता येते. पुण्यातल्या महाविद्यालयाकडून तो मिळवायला वेळ लागतो, म्हणून इकडे येण्यापूर्वीच शिक्क्यासह प्रती घेऊन ठेवाव्यात. माझे दोन विषय या मार्गाने मेजरमध्ये आले. बाकीचे निनावीच राहिले.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे वरच्या बाजूला दिसणारी टक्केवारीची पट्टी. आमच्या ऑडिटमध्ये ही टक्केवारी क्रेडिटची नसून अटींची आहे, आणि तीन क्रेडिटच्या एका विषयाची अट काय किंवा अनेक विषयांचा एक गट काय, तिच्या लेखी दोन्हींचे वजन सारखेच असू शकते. त्यामुळे पट्टी ऐंशीच्या पुढे गेली तरी वरच्या पातळीचे अवघड विषय तसेच पडून असतात. पट्टीकडे दुर्लक्ष करून थेट ‘अद्याप बाकी’ या ओळी वाचाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथली भाषा पहिल्यांदा गूढ वाटते. ‘अकाउंटिंग ३@ किंवा ४@ मधून ६ क्रेडिट’ अशी ओळ दिसली, तर @ या चिन्हाच्या जागी कोणतेही आकडे चालतात, म्हणजे तीनशे किंवा चारशेच्या मालिकेतला कोणताही विषय घेता येतो, असे समजावे. त्याहून महत्त्वाचा भाग तक्त्याच्या अगदी तळाशी असतो. कोणत्याही अटीत न बसलेले विषय तिथे जमा होतात, आणि आपण पैसे भरून घेतलेला विषय त्या यादीत दिसला, तर सेमिस्टर सुरू होण्यापूर्वीच ॲडव्हायझरला (विद्यापीठाच्या अभ्यासक्रम सल्लागाराला) गाठणे इष्ट.

विषय कोणत्या अटीत बसवायचा हे प्रणाली स्वतः ठरवते, आणि नवीन विषय नोंदवला की सगळी मांडणी पुन्हा होते. एका सेमिस्टरला मी एक जादा इलेक्टिव्ह नोंदवला आणि मेजरमधली हिरवी झालेली एक ओळ पुन्हा लाल झाली, कारण तिथला विषय उचलून दुसऱ्या गटात टाकला गेला होता. एकूण क्रेडिट कमी झाले नव्हते, पण कोणता विषय कुठे मोजला जात होता याचा जुना पुरावा स्क्रीनवर उरला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक नोंदणीच्या आधी आणि नंतर ऑडिटची पीडीएफ प्रत तारखेसह जतन करते; हिशेबाच्या विद्यार्थिनीला ही सवय जड जात नाही.

परकीय भाषेच्या अटीचा अनुभव मात्र चांगला आला. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाल्याचे प्रमाणपत्र दिल्यावर विभागाने ती अट माफ केली आणि ॲडव्हायझरने तसा अपवाद ऑडिटमध्ये नोंदवला. ओळीखाली मंजुरीची तारीख आणि कारणही दिसते. तोंडी दिलेल्या आश्वासनाला इथे काडीचीही किंमत नाही. अपवाद ऑडिटमध्ये उमटला तरच तो झाला.

‘व्हॉट-इफ’ ही सोय मनापासून आवडली. मेजर बदलून फायनान्स घेतले तर काय उरेल, मायनर (दुय्यम विषय) जोडली तर किती भर पडेल, हे कोणालाही न विचारता पाहता येते. फक्त कॅटलॉगचे (विद्यापीठाच्या वार्षिक नियमपुस्तिकेचे) वर्ष नीट निवडावे लागते, कारण साधारणपणे प्रवेशाच्या वर्षीचे नियम आपल्याला लागू असतात, तर मेजर बदलताना विद्यापीठ नव्या वर्षाचे नियम लावू शकते.

आता ऑडिट काय सांगत नाही तेही पाहू. पुढच्या विषयासाठी आधी कोणता विषय उत्तीर्ण व्हावा लागतो हे आमच्या ऑडिटमध्ये दिसत नाही, आणि एखादा विषय फक्त फॉल (शरद ऋतूतल्या) सेमिस्टरलाच शिकवला जातो हेही नाही. ऑडिटिंगचा (लेखापरीक्षणाचा) विषय असाच वर्षातून एकदाच असतो, तो चुकला की पदवी वर्षभर लांबते. सीपीए (अमेरिकेतले परवानाधारक हिशेबतज्ज्ञ) होऊ इच्छिणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. परवान्यासाठी बहुतेक राज्यांत वर्षानुवर्षे १५० क्रेडिटचा नियम चालत आला आहे, अलीकडे काही राज्यांनी पर्यायी मार्गही खुले केले आहेत. पण ऑडिटची नजर १२० वर थांबते, त्यापुढचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागतो. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलांना दर नियमित सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात, याचीही ऑडिटला दखल नसते. मात्र शेवटच्या सेमिस्टरला त्यापेक्षा कमी क्रेडिट उरले असतील, तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडे सवलत मागताना काय उरले आहे हे दाखवायला हाच तक्ता उपयोगी पडतो.

भारतात २०२१ पासून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली आहे आणि पुण्यातला माझा भाचा तिचे खाते अभिमानाने दाखवतो. ते खाते पासबुकासारखे आहे, किती जमा झाले ते सांगते. चार वर्षांच्या पदवीच्या १६० क्रेडिटपैकी कोणते कुठे लागू पडतील, ही पडताळणी त्याच्या महाविद्यालयालाच करावी लागते. त्या दृष्टीने इथली प्रणाली निश्चितच पुढे आहे.

वापरायला सोपी, पण नियम अपुरे समजावणारी, असे मी या ऑडिटचे वर्णन करीन, आणि पाचपैकी साडेतीन तारे देईन. मोबाइलवर ते जवळजवळ निरुपयोगी आहे, रुंद तक्ता कापला जातो, म्हणून लॅपटॉपच वापरावा. ग्रेड बदलली किंवा नवा विषय नोंदवला की रात्री आपोआप होणाऱ्या अद्ययावतीची वाट न पाहता नवीन ऑडिट चालवण्याचे बटण स्वतः दाबावे. सगळ्या ओळी हिरव्या झाल्या तरी पदवी आपोआप मिळत नाही. पदवीसाठी वेगळा अर्ज मुदतीत करावा लागतो आणि अंतिम तपासणी रजिस्ट्रारचे कार्यालय करते. माझा अर्ज तिथे पोहोचला असून वरच्या पातळीच्या क्रेडिटविषयी त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला मी जतन केलेल्या पीडीएफ प्रतींपैकीच एक जोडून उत्तर पाठवले आहे.