दोन सर्व्हिस व्हॅन आणि एक व्यावसायिक विमा: आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

एसी-फ्रिज दुरुस्तीचा आमचा छोटा धंदा. दोन व्हॅन, मोजकी माणसं. या व्हॅनचा व्यावसायिक विमा घेऊन आठ-नऊ महिने होत आले आणि मध्ये एक क्लेमही निघाला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात 'छान सर्व्हिस' म्हणून पाच तारे देण्यात काही अर्थ नसतो. विमा कसा आहे ते गाडी ठोकल्यावरच कळतं.

कोटेशनं आली तेव्हा सर्वात स्वस्त आणि सर्वात महाग यांत जवळपास दुपटीचा फरक होता. खोदून विचारल्यावर उलगडा झाला: स्वस्तवाल्याने गाडी खासगी वापराची धरली होती, महागवाल्याने भाड्याने दुसऱ्यांचा माल वाहणारी. आमची गाडी यातलं काहीच करत नाही. ती आमचीच हत्यारं आणि आमचेच स्पेअर पार्ट घेऊन फिरते. मग एका कागदावर गाडीचा सगळा दिवस लिहून काढला. कोण चालवतं, किती लांब जाते, आत काय असतं, टपावर काय बसवलंय, रात्री कुठे उभी राहते. तोच कागद सगळ्यांना दिला आणि सांगितलं, आता यावर दर द्या. फरक एकदम खाली आला. तुलना करायची तर आधी सगळ्यांनी एकाच गाडीची किंमत सांगायला हवी ना!

कंपनी आम्ही निवडली ती मात्र दरावर नाही. आमच्याकडे घाईच्या दिवसांत एखादा टेक्निशियन स्वतःच्या गाडीने कॉलवर जातो. त्या गाडीने कुणाला धडक दिली तर नुकसानभरपाईचा दावा फक्त त्याच्यावर नाही, आमच्यावरही येऊ शकतो, कारण तो आमच्या कामावर होता. आणि त्याच्या खासगी पॉलिसीत धंद्याचा वापर वगळलेला असेल तर तिथूनही हात वर. कर्मचाऱ्यांच्या आणि भाड्याने घेतलेल्या गाड्यांमुळे धंद्यावर येणाऱ्या दायित्वाचं वेगळं कव्हर मिळतं का, हा प्रश्न मी सगळ्यांना विचारला. एकाच ठिकाणी सरळ उत्तर आलं, तेही लेखी. हे कव्हर दायित्वापुरतंच असतं, टेक्निशियनच्या गाडीचा पत्रा त्यातून दुरुस्त होत नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. असं सांगणारा माणूस मला आवडतो.

डिडक्टिबलचं, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपल्या खिशातून भरायच्या रकमेचं, गणित एजंट सहसा अर्धंच मांडतात. 'वाढवा, हप्ता कमी होईल' इथवर ठीक. पण डिडक्टिबल जेवढा वाढतो त्याच्या एक-षष्ठांश रक्कम हप्त्यात वाचत असेल, तर सहा वर्षं क्लेम झाला नाही तरच बरोबरी होते. दिवसभर अरुंद जागांत मागे-पुढे होणाऱ्या व्हॅनसाठी सहा वर्षं फार झाली. आम्ही मधला आकडा घेतला.

आता क्लेमकडे. एका इमारतीच्या तळघरात रिव्हर्स घेताना व्हॅन खांबाला लागली. मागचा दरवाजा दबला, टपावरचा शिडीचा रॅक वाकला. ड्रायव्हरने जागेवरच फोटो काढले आणि अ‍ॅपवर क्लेम नोंदवला, तिथवर सगळं सुरळीत. नुकसान तपासणारा सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी आला. दरवाज्याकडे त्याने फारसं पाहिलंच नाही. पहिला प्रश्न, गाडी कोण चालवत होतं? दुसरा, रॅक कंपनीचा की नंतर बसवलेला? रॅक नंतर बसवलेलाच होता, पण प्रस्तावात किमतीसकट नोंदवलेला होता आणि पॉलिसीच्या शेड्यूलमध्येही आला होता, त्यामुळे तो मंजूर झाला. तो तिथे नसता तर सर्व्हेअरने त्यावर सरळ काट मारली असती, हे त्यानेच हसत सांगितलं.

बंपरच्या प्लॅस्टिकवर घसारा कापला गेला. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, आम्ही एकाच व्हॅनला घेतलं होतं, नव्या. ठोकली गेली जुनी. असो.

आतल्या हत्यारांचा प्रश्न या वेळी आला नाही, कारण काही फुटलं नाही. पण स्वच्छ समजून घ्या, व्हॅक्यूम पंप, गेज, गॅस सिलिंडर यांना गाडीची पॉलिसी सहसा हात लावत नाही. त्यांचा विमा वेगळा. तिथे किंमत कमी दाखवून हप्ता वाचवायचा मोह होतो, पण बऱ्याच पॉलिसींत सरासरीचं कलम असतं, म्हणजे विमा जेवढा कमी, भरपाईही त्याच प्रमाणात कमी. हत्यारांच्या खऱ्या किमतीच्या 60 टक्क्यांचाच विमा काढला असेल तर छोट्या नुकसानीतही 60 टक्केच हातात येतात.

खरी नाराजी पर्यायी वाहनाबद्दल. त्यासाठी जादा हप्ता भरला होता. गॅरेजमध्ये व्हॅन अडकल्यावर गाडी वेळेवर आली, पण आली ती छोटी हॅचबॅक. तिच्यात शिडी जाईना. मागची सीट पाडून, डिकी उघडी ठेवून बघितली, तरी हातभर बाहेर. शेवटी ती गाडी पार्ट आणायला वापरली आणि शिडीची कामं पुढे ढकलली. पॉलिसी दुरुस्तीचे पैसे देते, बुडालेल्या कामाचे नाही, हे माहीत होतंच. पण 'पर्यायी वाहन' म्हणजे कोणत्या प्रकारचं, हे शब्दांत लिहून घ्या. पार्टची वाट बघण्यात दिवस गेले तर मुदत कधीपासून मोजतात, तेही.

गाडीत बसवलेल्या ट्रॅकिंग यंत्राबद्दल आमच्याकडे दोन मतं. मला जोराचे ब्रेक आणि वेग दिसतात, नूतनीकरणात सवलतीची आशा आहे. टेक्निशियन म्हणतात, कुत्रं आडवं आलं म्हणून ब्रेक दाबला तरी यंत्राच्या हिशेबात ड्रायव्हिंगचे गुण जातात. त्यांचंही बरोबर आहे. गुणांवरून मी कुणाला बोलत नाही. मात्र एकाचा स्कोअर सतत खाली दिसला तेव्हा चौकशी केली, तर त्याच्या वाट्याला एकमेकांपासून लांबचे कॉल लागोपाठ येत होते. कॉलची वाटणी बदलली.

एक छोटी पण रोजच्या उपयोगाची गोष्ट. मोठ्या इमारतींचं व्यवस्थापन आत सोडण्याआधी विम्याचं प्रमाणपत्र मागतं. ते अ‍ॅपवरून लगेच निघतं, एजंटला फोन करावा लागत नाही. नवा ड्रायव्हर जोडायला मात्र दोन दिवस लागले आणि एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा कागद, हातात येईपर्यंत मी त्याला गाडी दिली नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा हॅचबॅकने खाल्ला, उरलेला एक हेल्पलाइनने, जिथे प्रत्येक वेळी क्लेम नंबरापासून सुरुवात करावी लागते. नूतनीकरणाच्या दोन महिने आधी यांच्याकडून क्लेमचा लेखी इतिहास मागवणार आहे आणि तोच जुना कागद, बदललेल्या नोंदींसह, पुन्हा तीन-चार ठिकाणी फिरवणार आहे.